परत मागितलेला मध

रहांगडाले सरांना मधमाश्यांची भीती वाटायची, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्या परसात पेरूच्या झाडाखाली त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, मधपेटी होती. मागच्या दारातून विहिरीकडे जाणारी सरळ वाट त्या पेटीच्या समोरून जायची. सर त्या वाटेनं कधी गेले नाहीत. लुंगी, खांद्यावर टॉवेल, हातात बादली अशा थाटात ते अख्ख्या घराला वळसा घालून, आमच्या कुंपणाला घासत विहिरीवर पोचायचे.

घरात ते दोघं पोवारी बोलत. मी कुंपणाशी दिसलो की माझ्यासाठी झाडीबोलीवर येत.

"काही करत नाहीत त्या," काकू ओसरीतून म्हणायच्या.

"हे तुले मालूम आहे. त्याइले मालूम आहे का?" सर विचारायचे आणि वळसा चालू ठेवायचे.

नवेगाव बांधच्या शाळेत ते गणित शिकवत, मी मराठी. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे. उंच, किंचित वाकलेले, आणि बाराही महिने काखेत छत्री. त्यांचा सगळा भरवसा ताळ्यावर होता. उत्तर बरोबर असून ताळा केला नसेल तर वर्गात अर्धेच गुण मिळत. घराला कुलूप लावून ते दोनदा ओढून पाहत, गल्लीच्या टोकापर्यंत जात, परत येऊन डाव्या हातानं ओढून पाहत. "कुलूप लावलं तो झाला हिशोब," म्हणायचे, "ओढून पाह्यलं तो ताळा." हसणाऱ्याकडे ते लक्ष देत नसत.

मी दुसऱ्या जातीचा माणूस. मला हिशोब जमत नाही आणि झालेल्या चुका मनातून जात नाहीत. एकदा परीक्षेत मी एका मुलीला कॉपी करताना धरलं. तिचं वर्ष गेलं, घरच्यांनी लग्न लावून दिलं. मी कितीतरी दिवस नीट जेवलो नाही. सरांनी एक दिवस शाळेच्या नळावर मला गाठलं.

"तुमाले पाप लागाची लय हौस आहे, बोरकर," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या वाटचं बी आपल्याच टोपल्यात टाकून घेता. तिच्या बापाले काही ठेवसान का नाही?"

मला हसू आलं होतं. असं मला हसवणारं दुसरं कोणी आजवर भेटलं नाही.

काकूंनी मधमाश्यांचं प्रशिक्षण घेतलं ते ममताबाई कुमरेंच्या नादानं. ममताबाई पलीकडच्या गावच्या अंगणवाडी सेविका, आवाज शेतापलीकडे जाणारा. दोघींनी मिळून सातेरी माश्यांच्या पेट्या आणल्या. ममताबाईंच्या तीन झाल्या, काकूंनी मात्र एकच ठेवली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी त्यांच्या ओसरीत बसलं की पेटीतून एकसारखा घूं असा आवाज यायचा, लांबच्या गिरणीसारखा.

"आता काय करून राहिल्या त्या?" सर लांबूनच विचारत.

"वारा घालून राहिल्या," काकू सांगत. मग आम्हा सगळ्यांना कितव्यांदा तरी समजावत. फुलातला रस म्हणजे निव्वळ पाणी, नावाला गोड. माशीला जेवणाचं पोट वेगळं आणि रस आणायचं वेगळं. घरी आली की ती तो रस दुसरीच्या तोंडात देते, दुसरी तिसरीच्या, आणि प्रत्येकीच्या तोंडातलं काहीतरी त्यात मिसळत जातं. मग थेंब मेणाच्या घरात ठेवायचा आणि सगळ्यांनी पंखांनी वारा घालून त्यातलं पाणी उडवायचं. "मोहफूल वाळवल्याबिगर टिकते का? तसंच आहे हे." पुरता घट्ट झाला की वरून मेणाचं झाकण. तसा मध वर्षानुवर्षं नासत नाही.

मध कसा करतात, हे आम्ही सगळ्यांनी विचारलं. कशासाठी करतात, हे कोणी विचारलं नाही. आपल्यासाठीच करतात असं आम्ही धरून चाललो होतो.

काकू वैशाखात गेल्या. दुपारी छातीत दुखलं आणि गोंदियाला नेता नेता वाटेतच संपलं. त्यांची मुलगी रायपूरहून पोचेपर्यंत सर ओसरीत बसून होते. कोणी आलं की उठून उभे राहायचे, पाणी विचारायचे, पुन्हा बसायचे.

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं कोणी स्टीलची वाटी वाटतं, कोणी ताटली. सरांनी ठरवलं, तेरवीला येईल त्याला काकूंचा मध द्यायचा. नागझिऱ्याच्या बाजूचा एक मोहोळ काढणारा माणूस बोलावला. बादली धरायला मी होतो. पेटीचा वरचा मजला निव्वळ मधाचा, खालचा पिल्लांचा. पण खालच्यातही चौकटींच्या कडेला मधाची पट्टी असते. वरचा सगळा काढून झाल्यावर त्या माणसानं धुरातून मान वर करून विचारलं, "खालचा किती ठेवू, गुरुजी?"

सर विहिरीपाशी उभे होते, जमेल तितके लांब.

"ठेवाचं कायले?" ते म्हणाले. "ती काढाले येनार आहे का आता? काढ सगळा."

मी बादली पुढे केली.

तेरवीच्या दिवशी सर दारात उभे राहून प्रत्येकाच्या हातात छोटी बाटली देत होते. "तिच्या हातचा आहे," एवढंच म्हणत. लोकांना फार बरं वाटलं. इतकी शोभणारी गोष्ट गावात कोणी वाटली नव्हती.

लेकीच्या बाळंतपणासाठी ममताबाई तेव्हा देवरीला होत्या. आल्या त्या आषाढात, भाताच्या रोवणीच्या दिवसांत, भिजलेल्या स्कुटीवरून. आधी सरांच्या समोर बसून रडल्या. मग डोळे पुसून पेटी पाहायला गेल्या. झाकण उचललं आणि तिथूनच ओरडल्या.

"कोनं केलं हे?"

"मीनं," सर ओसरीतून म्हणाले.

"गनिताचे मास्तर ना तुमी? काही ठेवलं नाही त्याइले? मध त्या कायले करतात असं वाटलं तुमाले? तेरवीले वाटाले?"

मी कुंपणाजवळच होतो. ममताबाई झाकण लावून आल्या आणि आवाज जरा खाली आणला. पुस्तकात थंडीतल्या उपासाचं लिहिलेलं असतं म्हणाल्या, पण आपल्याकडे यांचा उपास पावसात. बाहेर निघता येत नाही, निघालं तर फूल धुतलेलं. उन्हाळाभर जांभळीवर, करंजीवर फिरून जमवायचं ते या महिन्यांसाठी. तेवढ्यावर राणी जगते, पिल्लं जगतात.

"आनि जमवनाऱ्या त्या तं खातबी नाहीत," त्या म्हणाल्या. "दीड-दोन महिन्याचा जीव त्याइचा. उन्हाळ्यातल्या मरून गेल्या आता. ह्या ज्या आहेत त्याइनं करंजीचं फूल पाह्यलंबी नसन."

"म्हनजे ज्याइनं केला त्याइले भेटत नाही," सर म्हणाले.

"नाही जी. मांगून येनाऱ्याइले भेटते."

सरांनी छत्री काखेतून काढून मांडीवर आडवी ठेवली. "आता?" त्यांनी विचारलं.

"साखरेचा पाक द्या पातळ करून. सगळेच देतात. तरी सांगता येत नाही. सातेरी लहरी जात आहे, खायाले नसलं तं पेटी सोडून चालली जाते."

काकूंचं घरात बरंच काही होतं. लुगडी, डबे, भिंतीवरचा फोटो. पण जिवंत असं एवढंच उरलं होतं, आणि तेही आपण आपल्या हातानं उपाशी ठेवलं, हे सरांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं. मुलगी रोज फोनवर रायपूरला चला म्हणायची. त्या संध्याकाळी त्यांनी तिला सांगितलेलं मी ऐकलं, "पावसाळा निघू दे. ह्या निघाल्या पावसाळ्यातून की येतो."

दुसऱ्या दिवशी मी अपराध्यासारखा साखरेची थैली घेऊन गेलो.

"ठेवा तिकडे," सर म्हणाले. "वजाबाकीचा ताळा कसा करतात, बोरकर?"

"बेरजेनं."

"हो ना. काढलेलं वापस टाकून पाहाचं. आधी त्याइचं त्याइले देतो. कमी पडलं तं तुमची साखर."

आणि सर मध परत मागायला निघाले.

पहिलं दार आमचंच होतं. मी पुढे झालो. आमची बाटली कधीच संपली होती. माझ्या मुलीनं पोळीशी खाल्ला, बायकोनं कोमट पाण्यातून, आणि शेवटी तळाशी राहिलेला मी बोटानं पुसून घेतला होता.

"संपला, सर," मी म्हणालो. मान वर करवेना.

"खाल्ला?"

"हो."

"बरं केलं," म्हणून ते पुढच्या दाराकडे वळले.

रोवणीचे दिवस, निम्म्या घरांना कुलपं. सरांनी थांबायला पाहिजे होतं संध्याकाळपर्यंत. ते सरळ भाताच्या बांधीवर गेले. चिखलात बायका ओळीनं वाकून रोवत होत्या, आणि धुऱ्यावर पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, उघडी छत्री धरून रहांगडाले सर उभे. मी मागे होतो.

"मध शिल्लक आहे का कोनाच्या घरी?" त्यांनी विचारलं. राम राम नाही, पाऊस कसा आहे नाही.

ओळ थांबली. एक म्हातारी कमरेवर हात देऊन सरळ झाली. "कोन्ता मध, गुरुजी?"

"तेरवीचा."

"मयताच्या नावानं देल्लं वापस मांगते का कोनी? पाप लागते, बापा."

"देनारा चुकला, माय. माल माझा नव्हता."

"मंग कोनाचा होता?"

सरांनी छत्री कलती करून तिच्या टोकानं गावाकडे, आपल्या घराच्या दिशेनं दाखवलं. "माश्याइचा."

एक तरुण सून तोंडाला पदर लावून म्हणाली, "म्हनजे गुरुजी, चोरीचा माल वाटला तुमीनं सगळ्या गावाले."

सगळी ओळ हसली. सर हसले नाहीत.

"हो," ते म्हणाले. "तेच सांगाले आलो."

त्यानंतर कोणी हसलं नाही.

संध्याकाळपासून बाटल्या येऊ लागल्या. आमच्याकडे मध खाण्याची वस्तू नाही, औषधाची. खोकल्याला, भाजल्याला. म्हणून बहुतेक घरी तो जपून ठेवलेला होता. कुणाची काठोकाठ, कुणाची अर्धी. एकीनं देवापुढची वाटीच उचलून आणली, वर तुळशीचं पान तरंगत होतं. ती म्हातारीही आली. बाटली ओसरीच्या कडेवर ठेवून म्हणाली, "मी वापस नाही करून राहिली. मी माश्याइले देऊन राहिली. माह्यावर पाप नको." किराणा दुकानदाराच्या घरी पोरांच्या खोकल्यात संपला होता. त्यानं दुकानातली नवी सीलबंद बाटली पुढे केली. सरांनी ती हातात घेऊन वाचली आणि परत दिली. "तुमचं मन मोठं आहे, पन हा त्याइनं नाही बनवला."

आता खायला घालणार कोण, हा प्रश्न होता. मी विचारलं तर म्हणाले, "मीच. दुसरं कोन?"

काकूंची एक टोपी होती, कडेनं जुन्या मच्छरदाणीची जाळी शिवलेली. ती सरांच्या डोक्यावर उंचच बसायची. पहिल्या दिवशी ते पेटीपासून हातभर अंतरावर इतका वेळ थांबले, की पावसाची सर येऊन गेली. मी कुंपणावरून म्हणालो, "मी करू का, सर?" त्यांनी मान हलवली. मग श्वास ओढून, पाण्यात उतरणाऱ्या माणसासारखे पुढे गेले. करवंटीत पाणी घालून पातळ केलेला मध, त्यात माश्या बुडू नयेत म्हणून तणसाच्या काड्या. करवंटी आत ठेवून झाकण लावलं, आणि पळाले. खरोखर पळाले. विहिरीजवळ उभं राहून हात पाहिले. डाव्या अंगठ्याला एक डंख होता.

"ओळख झाली," ते म्हणाले.

हळूहळू पळणं थांबलं. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या चारही पायांखाली त्यांनी पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या. त्या रोज पाहायचे. मग वाकून पेटीच्या लाकडाला कान लावायचे. पाऊस पत्र्यावर वाजत असला तर खूप वेळ लावून ठेवायचे. ऐकू आलं की सरळ होऊन कुंपणापलीकडे मला सांगायचे, "आहेत."

एवढंच. श्रावणभर आमचं बोलणं या एका शब्दाचं होतं. मीही त्याची वाट पाहू लागलो. शाळेतून आलो की चहाआधी परसात जायचो.

एका संध्याकाळी कुंपणापलीकडून पोवारी बोलणं ऐकू आलं. मला वाटलं मुलगी आली रायपूरहून. बरं वाटलं. पाहिलं तर सर पेटीजवळ स्टुलावर बसलेले, एकटेच, आणि तिच्याकडे तोंड करून सावकाश काहीतरी सांगत होते. मधेच थांबायचे, जणू समोरून काही येईल. त्या घरात पोवारी बोलायला आता दुसरं कोणी नव्हतं, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी पाऊल न वाजवता आत गेलो. काय बोलत होते ते मी ऐकलं नाही, म्हणजे ऐकू येत असून ऐकलं नाही.

परत आलेला मध श्रावणाच्या शेवटी संपत आला. मग माझी साखर निघाली. सरांनी ती कुरकुर न करता दिली.

पोळ्यानंतर दोन दिवसांनी कडक ऊन पडलं. रविवार होता. मी परसात कपडे वाळत घालत होतो. पेटीचा आवाज एकदम वाढला आणि दारातून माश्या उतू जाणाऱ्या दुधासारख्या बाहेर येऊ लागल्या. परस भरून गेलं. सर मागच्या दारात उभे होते. जाळी नव्हती, टोपी नव्हती. माश्या त्यांच्या खांद्यावरून, कानाजवळून जात होत्या आणि ते हलत नव्हते. सगळा घोळका आधी पेरूवर फिरला, मग आमच्या छपरावरून तलावाच्या बाजूला निघून गेला. परस मोकळं झालं.

"गेल्या," सर म्हणाले.

मी ममताबाईंना फोन केला. त्या तासाभरात आल्या, पेटी उघडली, चौकटी एकेक काढून उन्हात धरल्या. पोळी रिकामी होती. अंडं नाही, पिल्लू नाही, मधाचा थेंब नाही.

"राणीनं अंडे द्यायचंच बंद केलं होतं," त्या म्हणाल्या. "जायचं कधीचंच ठरलं असन त्याइचं. तुमचं काही चुकलं नाही आता, सर. उशीर झाला होता."

"मी ठेवलेला मध?"

"तो घेऊन गेल्या ना. निघताना पोट भरून घेतात. नवी जागा भेटेपर्यंत, नवं घर बांधेपर्यंत तेच खातात."

"म्हनजे उपाशी नाही गेल्या."

"नाही जी. उपाशी नाही गेल्या."

सरांनी मान हलवली, गणित सुटल्यावर हलवत तशी नाही, नुसतीच.

त्याच आठवड्यात मुलगी येऊन त्यांना रायपूरला घेऊन गेली. ते निघाले तेव्हा मी शाळेत होतो. म्हणून मला आठवतात ते सर त्या रविवारचेच, ममताबाई गेल्यानंतरचे. आम्ही दोघं पेटीजवळ बसलो होतो, ते स्टुलावर, मी विहिरीच्या कठड्यावर. मी मनातल्या मनात माझी बाटली मोजत होतो. तेवढा मध असता तर, बादली धरली तेव्हा एक शब्द बोललो असतो तर.

"बोरकर," सर म्हणाले, "तुमी खाल्ला ना?"

मला वाटलं, आता बोल लावणार. बोलले तर बरं, असंही वाटलं. "हो, सर. तेव्हा मला माहीत असतं तर..."

"ते नाही विचारून राहिलो. कसा होता?"

"कसा म्हणजे?"

"मले शुगर निघाल्यापासून तिनं बोट नाही लावू देल्लं," ते म्हणाले. "तेरवीले बाटल्या भरतानी वाटलं होतं चाटून पाहाव. पन लोक होते. मंग जो वापस आला तो तं त्याइचा होता. लोकाइनं खोकल्याले घेतला. चवीनं खाल्लेलं तुमचंच घर दिसते. सांगा, कसा होता ते."

मी आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलं आहे. शब्द शोधत बसलो.

"काळसर होता, सर. पातळ. बाटली आडवी केली की लगेच यायचा."

"हं."

"आधी नुसता गोड लागायचा. मग घशाशी थोडा कडू. वाईट कडू नाही. जांभळाची बी चुकून चावली तर लागतं, तसा."

"आखीन?"

"बोटाला वास राहायचा. हात धुतला तरी. आंब्याचा मोहोर उन्हात तापला की येतो तसला काहीतरी."

सरांनी डोळे मिटले नव्हते. ते पेरूखालच्या पेटीकडे पाहत होते, आणि मान माझ्या बाजूला कललेली होती, लाकडाला कान लावताना कलायची तशी.

"आखीन सांगा," ते म्हणाले. "सावकास सांगा."

मी सांगत राहिलो. मुलीनं पोळीवर कसा ओतला, तो कडेनं ताटात कसा उतरला, तिनं ताट कसं चाटलं. त्यातलं किती आठवत होतं आणि किती मी तिथं बसून रचत होतो, ते मला आजही सांगता येणार नाही. ऊन पेरूवरून उतरून गेलं तरी सर ऐकत होते.